मजला नंतर चढवा, आधी घड्याळ लावा

दवाखान्याचा कारभार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं २५ खाटांचं हॉस्पिटल आहे. मी फिजिशियन. सकाळच्या ओपीडीला शंभरेक पेशंट असतात, पाच तास मान वर करता येत नाही. तरी लोक तीन-तीन तास खोळंबतात, भांडणं होतात. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. एमबीए झालेल्या मुलाचं म्हणणं, वर एक मजला चढवू आणि टोकनचं मशीन बसवू. चाळीस लाखांचं कर्ज होईल. घ्यावं का?

उत्तर : डॉक्टरसाहेब, नका घेऊ. निदान दिवाळीपर्यंत तरी नका घेऊ.

टोकन मशीनचं आधी सांगते, कारण त्यात माझे हात पोळलेत. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ३१ वर्षं काढली. पहिली सहा केसपेपरच्या खिडकीत, शेवटची अकरा प्रशासक म्हणून. तिथं मीच हट्टानं टोकन मशीन आणवलं. विश्वस्तांनी नारळ फोडला, पेढे वाटले. चार दिवसांत टोकनसाठी पहाटे पाचपासून रांग लागायला लागली. पूर्वी लोक नऊला येऊन बाराला सुटायचे, आता पाचला येऊन बारालाच सुटायला लागले. काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं, "बाई, आधी एक रांग हुती, आता दोन झाल्या. ह्या दुसरीचं पैसं कुणी दिलं?" मी काय उत्तर देणार!

मग मी तेव्हाच करायला हवं होतं ते केलं. शंभर पानी वही आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन ओपीडीच्या दाराशी स्टुलावर सहा दिवस बसले. चार रकाने आखले : आला कधी, केसपेपर निघाला कधी, आत गेला कधी, बाहेर आला कधी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीनं स्टूल आत नेलं. तिथं जे दिसलं त्यानं माझी नोकरीच बदलली म्हणा. पेशंट आत येतो, पिशवी टेबलावर ठेवतो. साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिला घट्ट गाठ. ती सुटता सुटत नाही. आतून मागच्या तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, दोन वर्षांपूर्वीचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट उलटसुलट, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि एकदा तर लाइटबिल. हे सगळं तारखेनं लावायचं काम कोण करत होतं? एमडी झालेला माणूस. एका पेशंटला सरासरी सहा मिनिटं जात होती, त्यातली अडीच त्या पिशवीवर.

आम्ही दाराबाहेर एक टेबल टाकलं. एक सिस्टर बसवली. बीपी, वजन, रिपोर्ट तारखेनं लावून क्लिप, वरच्या कागदावर चालू औषधांची नावं. खर्च म्हणाल तर टेबल जुनंच होतं. ओपीडी दीड तास आधी उठायला लागली.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, रागवू नका. तुम्ही स्वतः खुर्चीत किती वाजता बसता? आमच्याकडे पेशंटना नऊची वेळ होती आणि डॉक्टर राउंड आटोपून दहा-दहाला यायचे. म्हणजे दिवसाची सुरुवातच तासाभराच्या उधारीवर. इंग्लंडमध्ये नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञानं १९५२ साली ओपीडीच्या वेळापत्रकाचा अभ्यास केला होता. डॉक्टरचं एक मिनिट वाया जाऊ नये म्हणून हॉस्पिटलं सगळ्यांना एकदम बोलावून ठेवतात आणि त्यापायी पेशंटचे तास जातात, हे त्यानं आकडे मांडून दाखवलं. त्याची शिफारस अगदी साधी : सुरुवातीला दोघांना बोलवा, मग तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला. सत्तर वर्षं झाली, आपण अजून सगळ्यांना नऊलाच बोलावतो.

तुमच्या गावात मिनिटाच्या हिशेबानं कोणी येणार नाही, हे मला कळतं. तिथं वेळ एसटी ठरवते. म्हणून एसटीचं वेळापत्रकच भिंतीवर लावा. साडेआठच्या गाडीनं वाड्यावस्त्यांवरून येतात त्यांना पहिले दोन तास, कारण त्यांना परतीची गाडी धरायची असते. गावातल्यांना अकरानंतर. नुसते रिपोर्ट दाखवायला येणाऱ्यांना शेवटच्या तासात. फोनवर नाव घेणारा मुलगा हुशार असला की एवढं पुरतं. तातडीच्या पेशंटला अर्थातच रांग नाही.

आता मजल्याचा हिशेब. पुढं एमआयटीत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक सूत्र सिद्ध केलं, ते पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावेल : तासाला किती माणसं येतात गुणिले एक माणूस किती तास थांबतो, म्हणजे एका वेळी तिथं सरासरी किती माणसं असतात. तुमच्याकडे पाच तासांत शंभर, म्हणजे तासाला वीस. प्रत्येक जण तीन तास थांबतो. वीस त्रिक साठ. एवढे पेशंट कायम व्हरांड्यात, शिवाय प्रत्येकाबरोबर एक तरी नातेवाईक. तोच मुक्काम एका तासावर आणलात तर वीस पेशंट. चाळीस माणसांची आणि त्यांच्या नातेवाइकांची जागा मोकळी झाली, आणि वाळूचा एक ट्रक मागवावा लागला नाही.

कर्जाबद्दल बोलले नाही तर उत्तर अर्धवट राहील. मजला चढला की त्यावर खाटाही येतील. मिल्टन रोमर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाच्या नावानं एक नियम ओळखला जातो : खाट टाकली की ती भरते. म्हणजे आजारी माणसं वाढतात असं नाही, दाखल करून घेण्याचा उंबरठा खाली येतो. तुम्ही सचोटीचे आहात, पत्रावरूनच कळतं. पण दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता असला की "आजची रात्र ठेवू या देखरेखीखाली" हे वाक्य तोंडातून जरा लवकर निघतं. हे मी चांगल्या डॉक्टरांच्या बाबतीतही पाहिलं आहे.

मुलगा बहुतेक तुम्हाला मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण देईल. व्यवस्थापन शिकलेली सगळी मुलं देतात आणि त्यात चूक काही नाही. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, अकरा खाटांवर ते सुरू केलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झालेली होती, त्याच बोटांनी त्यांनी हजारो मोतीबिंदू काढले. मी तिथं दोन दिवस नुसतं बघायला गेले होते. ऑपरेशन थिएटरात दोन टेबलं शेजारी शेजारी. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर सिस्टर पुढच्या पेशंटची तयारी करून ठेवते. सर्जन पहिली आटोपतो, मायक्रोस्कोप पलीकडे वळवतो आणि लगेच पुढची सुरू. पेशंट शोधायला, आणायला, झोपवायला तो उठत नाही. या सिस्टर म्हणजे आसपासच्या खेड्यांतल्या बारावी झालेल्या मुली. दोन वर्षं तिथंच शिकवून तयार केलेल्या. फी देणाऱ्यांच्या पैशांवर फुकट होणाऱ्या शस्त्रक्रिया चालतात. डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून यायचं तेव्हा शंभर डॉलरच्या आसपास पडायचं. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि ते दहा डॉलरच्या घरात आणलं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनं १९९३ मध्ये त्यांच्यावर केस लिहिली, ती जगभर शिकवतात.

पण एक लक्षात घ्या. मोतीबिंदू हे ठरवून करायचं काम. आजची शस्त्रक्रिया परवावर गेली तर पेशंट दगावत नाही, आणि एका पेशंटचा डोळा दुसऱ्याच्या डोळ्यासारखाच असतो. तुमच्याकडे शुगर वाढलेली आजी, साप चावलेला गडी आणि तापाचं पोर एकाच बाकावर बसतं. अरविंदची दोन टेबलं तुमच्या उपयोगाची नाहीत. डॉक्टरकडे फक्त डॉक्टरचंच काम जावं, हा त्यांचा शिरस्ता मात्र उद्यापासून उचलता येईल.

तेव्हा वही आणा. सहा दिवस. मुलालाच स्टुलावर बसवा, एमबीए झालाय ना!

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांच्या पायाच्या जखमेचं रोजचं ड्रेसिंग बिलात साडेतीनशे रुपयांनी लावलं होतं. कापूस, पट्टी, औषध वेगळं. मी काउंटरवर विचारलं, "याला खरा खर्च किती येतो?" तर तो मुलगा म्हणाला, सिस्टिममध्ये असंच आहे. हॉस्पिटलला तरी माहीत असतं का? – ठाणे

उत्तर : बहुतेक वेळा नसतं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. बिलिंगच्या खिडकीवर होते तेव्हा दरपत्रक कसं ठरतं ते मी पाहिलंय. शेजारच्या दोन हॉस्पिटलांचे दर मागवायचे, मधला आकडा धरायचा आणि दर एप्रिलला दहा टक्के वाढवायचे. खर्च मोजलाय कोणी?

मोजता येतो. हार्वर्डच्या रॉबर्ट कॅप्लन आणि मायकेल पोर्टर यांनी २०११ मध्ये हेच लिहिलं : आधी पेशंटचा पूर्ण प्रवास कागदावर काढा, प्रत्येक टप्प्यावर कोणाची किती मिनिटं जातात ते बघा, आणि त्या माणसाच्या एका मिनिटाला काय पडतं त्यानं गुणा. चला, तुमच्या सासऱ्यांचं ड्रेसिंग करून बघू. समजा सिस्टरचा पगार २४,००० रुपये. महिन्याला २६ दिवस, आठ तास, म्हणजे २०८ तास. त्यातून जेवण, ड्यूटी देणंघेणं, नोंदी वजा करा, हाताशी १६० तास उरले. म्हणजे ९,६०० मिनिटं. एका मिनिटाला अडीच रुपये. ड्रेसिंगला बारा मिनिटं लागली तर तीस रुपये. वॉर्डातल्या मामांनी ट्रॉली आणली-नेली, त्याचे पाच. ड्रेसिंगचा सेट निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये गेला, त्याचे आणखी काही. जागा, वीज, धुणं धरा. ओढूनताणून शंभर-सव्वाशेच्या पुढे जाणं कठीण.

मग वरचे दोनशे कुठं जातात? सगळे नफ्यात जातात असं समजू नका. रात्रपाळीत जागी असलेली आणि सुदैवानं काही काम न पडलेली सिस्टर, रिकामं पण सज्ज व्हेंटिलेटर, विमा कंपनीकडे अडकलेले पैसे, बँकेचा हप्ता, हे सगळं कुठल्यातरी ओळीत घालावं लागतं आणि मग ते तुमच्या ड्रेसिंगमध्ये येऊन बसतं. काही ठिकाणी पेशंट पाठवणाऱ्याचा हिस्साही त्यातच असतो. तो मात्र सज्ज राहण्याचा खर्च नव्हे. त्याला चोरी म्हणायला मला संकोच वाटत नाही.

सरकारनं एकेका ओळीवर बोट ठेवून पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीवर) कमाल किंमत लागू झाली : साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधाचा लेप असलेल्याला २९,६००. त्याआधी लेपाच्या स्टेंटला पेशंट लाखाच्या वर मोजत होते. निर्णय योग्यच होता. पण फुगा एका बाजूनं दाबला की दुसरीकडून वर येतो. प्रक्रियेची फी, कॅथलॅबचे (स्टेंट बसवतात त्या खोलीचे) चार्जेस, "कन्झ्युमेबल्स" या ओळी मोकळ्याच होत्या. हातात बिल असेल त्यानं स्टेंटच्या ओळीखालच्या ओळी वाचाव्यात.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक १५ सेवांचे दर दिसेल अशा जागी लावावे लागतात. दाखल होतानाच दरपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर आणखी एक : मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. उत्पन्नाचा दाखला जवळ असेल तर बिल झाल्यावर नव्हे, दाखल होतानाच समाजसेवकाला भेटा. डिस्चार्जच्या दिवशी आलेल्यांना आम्ही काय उत्तर द्यायचो ते माझ्या लक्षात आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

प्रश्न : मॅडम, मी नागपुरात हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी सरांनी "रुग्णसमाधान : २०० रुग्णांचं सर्वेक्षण" हा विषय सुचवलाय. घेऊ का?

उत्तर : नको गं. सलाइन लावलेल्या माणसाला तू विचारणार, "सेवा कशी वाटली?" सलाइन काढणारी सिस्टर शेजारी उभी. तो "छान" म्हणणार. दोनशे वेळा "छान" मिळवून तू काय शिकणार?

विदर्भातच आहेस, तर गडचिरोलीचं काम नीट वाच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत, गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, गरज पडली तर जंतुसंसर्गावर इंजेक्शनसुद्धा. दुसऱ्या ४७ गावांत हे केलं नाही, तिथं फक्त मोजणी. शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर, त्या दुसऱ्या गावांशी तुलना करता, सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. लोकांना त्यातली इंजेक्शन देणारी बाई आठवते. मला ती ४७ गावं आठवतात. ती नसती तर "रस्ते झाले, पाऊस बरा झाला, म्हणून पोरं जगली" असं कोणीही म्हटलं असतं. सरकारनं २०११ पासून आशा सेविकांमार्फत घरच्या घरी नवजात काळजी सुरू केली, त्यामागे हा पुरावा आहे. तुझ्या शाखेत हे वैद्यकीय संशोधन म्हणून बाजूला ठेवतात. माझ्या मते कोणतं काम कोणी करायचं, हा प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत व्यवस्थापनाचा आहे.

आणि अभ्यासांची एक जोडी मुद्दाम एकत्र वाच. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेतल्या सुरक्षिततेची तपासणी-यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली, त्यात नवी दिल्लीही होती. निकाल २००९ मध्ये छापून आला. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. जग खूष झालं. पुढं कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत तशीच यादी लागू झाली. २०१४ मध्ये निकाल आला : म्हणण्याजोगा फरक नाही. यादी तशीच होती गं. मी आमच्या थिएटरात पाहिलंय, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा सकाळी साडेसातलाच झालेल्या, पहिला पेशंट आठला आत यायचा.

विषय हवा असेल तर हा घे : डॉक्टर "उद्या घरी जा" म्हणाल्यापासून पेशंट रिक्षात बसेपर्यंत किती वेळ जातो आणि कुठं जातो. डिस्चार्ज समरी टाइप व्हायला किती, औषधं परत करायला किती, बिल व्हायला किती, टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे दावे बघणाऱ्या संस्थेच्या, मंजुरीला किती. विमा नियामकानं २०२४ मध्ये कॅशलेसच्या अंतिम मंजुरीला तीन तासांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे "विमावाले अडवतात" ही आपली नेहमीची सबब तुला तपासता येईल. माझा अंदाज, निम्मा वेळ हॉस्पिटलच्याच टेबलांवर सापडेल. चुकले तर कळव, पुढच्या अंकात छापू. पन्नास पेशंट पुरेत, पण प्रत्येकामागे स्वतः चाल. फॉर्म देऊन मोकळी होऊ नकोस.

प्रश्न : आयसीयूच्या बारा खाटांपैकी रोज दोन-तीन रिकाम्या असतात. विश्वस्त म्हणतात, ही उधळपट्टी आहे, ९५ टक्के भरलेलंच असायला हवं. प्रशासक म्हणून त्यांना काय सांगू? – लातूर

उत्तर : विश्वस्त व्यापारी असतील तर त्यांना गोदाम आणि आयसीयू यांतला फरक सांगा. गोदामात माल कधी यायचा ते आपण ठरवतो. आयसीयूत पेशंट आपल्या सोयीनं येत नाही.

रांगेचं गणित फार दुष्ट आहे. माणसं अवचित येत असतील आणि सेवा देणारी खिडकी एकच असेल, तर ती ८० टक्के वेळ गुंतलेली असताना तिथं सरासरी चार जण असतात. ९० टक्क्यांना नऊ, ९५ ला एकोणीस. बारा खाटांना हे आकडे जसेच्या तसे लागणार नाहीत, पण वळण तेच. शेवटच्या पाच टक्क्यांत रांग नुसती वाढत नाही, उसळते. आणि आयसीयूची रांग म्हणजे अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनवर झोपलेला माणूस.

पुढच्या बैठकीला टक्केवारी नेऊ नका. गेल्या तीन महिन्यांत "खाट नाही" म्हणून परत पाठवलेल्यांची यादी न्या : तारीख, वेळ, कुठं पाठवलं. अशी यादी ठेवत नसाल तर आज रात्रपाळीच्या डॉक्टरांकडे त्यासाठी एक वही द्या.